ग्रुप टूरने परदेशी जायचंय? या गोष्टी कंपनी नाही, तुम्हालाच बघाव्या लागतात

मुंबई-गोवा हायवे कसालला सोडून मालवणकडे वळलं की वाटेत कट्टा लागतो. बाजारपेठेचं गाव. सिंधुदुर्ग किल्ला बघायला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या याच बाजारातून पुढे जातात. आता मात्र उलटी वाहतूकही सुरू झालीय. कट्टा, चौके, पेंडूर या भागातली माणसंही गळ्यात टूर कंपनीचं ओळखपत्र अडकवून सिंगापूर नाहीतर स्वित्झर्लंड बघायला निघतात.

बहुतेक घरांत गोष्ट सारखीच असते. आईबाबांनी जन्मभर गणपती, शिमगा आणि आंगणेवाडीची जत्रा सोडली तर सुट्टी म्हणून कधी घेतली नाही. मुंबईतला मुलगा किंवा पुण्यातली मुलगी ठरवते, यंदा यांना परदेश दाखवायचाच. मोबाईलवर बुकिंग होतं, पहिला हप्ता जातो आणि घरात एक वाक्य सुरू होतं, ‘कंपनी बघेल सगळं.’

यात थोडं तथ्य आहे. केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू केली, वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड. अशा कंपन्यांमुळे इंग्रजी न बोलणारा मराठी माणूसही बिनधास्त परदेशी जाऊ लागला. सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर असतो, रात्री डाळभात मिळतो, हॉटेल शोधावं लागत नाही.

पण तिकीट ग्रुपचं असलं तरी पासपोर्ट प्रत्येकाचा वेगळा असतो. व्हिसाचा अर्ज, इमिग्रेशनचा काउंटर, कस्टम्सची तपासणी, रात्री अडीच वाजता वाढलेलं बीपी, यातलं काहीही ग्रुपच्या नावावर होत नाही. तिथे माणूस एकटा असतो आणि चूक झाली तर पैसेही त्याचेच जातात. म्हणून कंपनीचं काम कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, हे बुकिंगच्या आधीच समजून घेतलेलं बरं.

सुरुवात नावापासून

पहिला घोळ नावाचा. आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, बँकेत तिसरंच. आपल्याकडे, विशेषतः बायकांच्या बाबतीत, हे घरोघरी आहे. गावात याने काही अडत नाही. परदेशात मात्र पासपोर्टवर जे नाव आहे तेच खरं. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि विमा, तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळायला हवं. बुकिंग करताना व्हॉट्सॲपवर नाव टाईप करून पाठवू नका. पासपोर्टच्या पानाचा स्पष्ट फोटो पाठवा आणि कंपनीकडून आलेल्या तिकिटावरचं स्पेलिंग स्वतः ताडून बघा.

काही जुन्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून असं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश देण्यावर निर्बंध आणलेत. दुबईची टूर घ्यायची असेल तर हा रकाना आजच बघा.

नवा पासपोर्ट काढायचा असेल तर ३६ पानांच्या पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे, तत्काळसाठी २,००० रुपये जादा लागतात. मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षं चालतो, लहान मुलांचा साधारण ५ वर्षं. २०१८ पासून देशातल्या कुठल्याही पासपोर्ट कार्यालयातून अर्ज करता येतो, त्यामुळे मुलाकडे मुंबईत राहायला गेलेल्या आईबाबांना अर्जासाठी गावीच यावं लागेल असं नाही. मात्र अर्जात सध्याचा पत्ता जो लिहाल, पोलीस पडताळणी त्याच पत्त्यावर येते. आईबाबा राहतात कट्ट्यात आणि पत्ता दिला डोंबिवलीचा, असं केलं की पोलीस घरी येतात तेव्हा माणूसच सापडत नाही आणि फाईल अडकते.

पासपोर्ट आहेच, असं म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. एक, मुदत. परतीच्या तारखेनंतर किमान ६ महिने तरी ती शिल्लक असावी, कारण बरेच देश आणि जवळपास सगळ्या टूर कंपन्या हीच अट घालतात. दोन, अवस्था. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदांचं काय होतं ते सांगायला नको. बुरशीचे डाग पडलेला, पानं सुटलेला किंवा लॅमिनेशन उघडलेला पासपोर्ट खराब म्हणून नाकारला जाऊ शकतो. तसं काही दिसलं तर वेळेत नवा करून घ्या.

नेपाळ आणि भूतानला भारतीयांना पासपोर्टशिवाय मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. पण आधार सगळीकडे चालतं या समजुतीत राहू नका. भूतानला मोठ्या माणसांचं आधार चालत नाही. नेपाळला ते फक्त १५ वर्षांखालच्या मुलांसाठी आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांसाठी चालतं.

व्हिसा कंपनी देत नाही

‘व्हिसा आमच्याकडे’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ इतकाच की अर्ज भरायला कंपनी मदत करते. व्हिसा द्यायचा की नाही हे त्या देशाचा दूतावास ठरवतो. नकार आला तर व्हिसाची फी परत मिळत नाही आणि टूर रद्द केल्याचे पैसेही कापले जातात. व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम परत मिळेल, हा प्रश्न बुकिंगच्या वेळीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

युरोपचं उदाहरण घेऊ. २९ देशांचा मिळून एक शेंगेन व्हिसा असतो. त्याची फी जून २०२४ पासून मोठ्यांसाठी ९० युरो आहे, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, पण काही वेळा ४५ दिवसही लागतात. युरोपच्या बऱ्याच टूर लंडनपासून सुरू होतात. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, म्हणजे तिथे दोन वेगळे व्हिसा, दोन वेगळ्या फी आणि जास्त वेळ.

आता कोकणातल्या घरांचा खरा प्रश्न. व्हिसाच्या अर्जासोबत बँकेचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र मागतात. पण आंबा-काजूची बाग असलेल्या बाबांचं उत्पन्न शेतीचं. त्यावर आयकर नाही, म्हणून त्यांनी विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. कागदावर असा माणूस कमाई नसलेला दिसतो. अशा वेळी सातबारा, बागेचे पैसे जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी, पेन्शन असेल तर त्याचा कागद आणि खर्च मुलगा करणार असेल तर त्याचं पत्र, त्याचं विवरणपत्र व नातं दाखवणारा पुरावा, असं सगळं जोडावं लागतं. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम ४ लाख जमा करणं हा उपाय नाही. उलट, हे पैसे आले कुठून, असा संशय त्यातून तयार होतो.

शेंगेन आणि ब्रिटनच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मुंबईत बोलावणार की पुण्यात, की त्या देशाचं काम पणजीत होतं, हे कंपनीला आधीच विचारा, म्हणजे एक फेरी वाचेल. आणि हो, त्या दिवशी बोटं स्वच्छ असू द्या. हाताला मेंदी, कापलेलं किंवा काजूचा चीक लागून सोललेली कातडी असेल तर मशीनवर ठसे नीट उमटत नाहीत.

थायलंड आणि मलेशियासारख्या देशांनी भारतीय पर्यटकांना काही दिवसांसाठी व्हिसातून सूट दिलीय. पण सूट म्हणजे काहीच करायचं नाही असं नव्हे. थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं केलंय. मलेशिया आणि सिंगापूरचंही असंच कार्ड आहे. हे पोहोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते मोफत आहे. गुगलवर शोधलं की त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइट वर येतात, तिथे कार्डचा नंबर देऊ नका. व्हिसाच्या सवलतींचे नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या माहितीवर विसंबू नका.

पॅकेजच्या आकड्यामागचे आकडे

जाहिरातीतली किंमत आणि शेवटी खिशातून जाणारी रक्कम यात बराच फरक असतो. जीएसटी, व्हिसा, विमा, ड्रायव्हर-गाइडची टिप, एकट्या माणसासाठी वेगळ्या खोलीचे जादा पैसे आणि ‘ऐच्छिक’ म्हणून लिहिलेली ठिकाणं, यातलं काय धरलंय आणि काय नाही, याची यादी मागा. तारांकित चिन्हाखालची बारीक अक्षरं आधी वाचा.

त्यातच एक ओळ असते टीसीएसची. परदेशी पॅकेज विकताना कंपनीने तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा हा कर. ऑक्टोबर २०२० मध्ये तो ५ टक्क्यांनी सुरू झाला. ऑक्टोबर २०२३ पासून ७ लाखांवरच्या रकमेला २० टक्के लागले, एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख झाली आणि २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात रकमेची अट न ठेवता हा दर २ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. दर असा हलत असतो, म्हणून तुमच्या बुकिंगला कुठला लागतोय ते विचारून घ्या. २ टक्क्यांनी ६ लाखांच्या पॅकेजवर १२ हजार होतात, ५ टक्क्यांनी ३० हजार.

महत्त्वाचं म्हणजे हे पैसे गेले असं समजू नका. ज्याचा पॅन नंबर दिलाय त्याच्या नावावर ते आयकर खात्यात जमा असतात. विवरणपत्र भरलं की करात वळते होतात किंवा परत मिळतात. घोळ होतो तो इथे: पॅन दिला बाबांचा, आणि बाबा विवरणपत्र भरत नाहीत. मग ती रक्कम तशीच पडून राहते. म्हणून पॅन कुणाचा द्यायचा हे बुकिंगच्या आधी ठरवा. बाबांचाच द्यावा लागत असेल तर त्या वर्षी त्यांचं विवरणपत्र न चुकता भरा.

कंपनीचं नाव मोठं आहे म्हणून डोळे मिटून पैसे देऊ नयेत, हे २०१९ ने शिकवलं. १७५८ साली सुरू झालेली कॉक्स अँड किंग्ज त्या वर्षी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटनची थॉमस कुक एका रात्रीत बंद पडली आणि दीड लाखांवर ब्रिटिश पर्यटक परदेशात अडकले. भारतातली थॉमस कुक वेगळ्या मालकीची असल्याने चालू राहिली. कंपनी बुडणार की नाही हे आपल्याला कळत नाही, पण काही खबरदारी आपल्या हातात असते. पैसे एजंटच्या खासगी खात्यात न भरता कंपनीच्या खात्यात भरा. जीएसटी नंबर असलेली पावती घ्या. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊ नका, हप्त्यांचं वेळापत्रक मागा. टूर रद्द केल्यावर कुठल्या तारखेला किती कापणार, तो तक्ता जपून ठेवा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि तिथे तुमच्या बाजूने बोलतात ते हेच कागद.

हातखर्चाचे पैसे

एका परदेश प्रवासासाठी साधारण ३,००० डॉलरपर्यंतचं परकीय चलन रोख नेता येतं, उरलेलं कार्डवर. भारतीय नोटा २५ हजार रुपयांपर्यंतच सोबत ठेवता येतात. टूरवर जेवण-राहणं झालेलं असतं, त्यामुळे सगळे पैसे रोख न्यायची गरज नसते. थोडी रोकड आणि एक फॉरेक्स कार्ड, असं वाटून घ्या. नवराबायको असतील तर दोघांकडे अर्धे अर्धे ठेवा.

बँकेचं डेबिट कार्ड नेणार असाल तर ते परदेशात चालतं का ते तपासा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर दिलेली कार्डं सुरुवातीला फक्त देशातच चालतात. परदेशी वापर ॲपमधून किंवा शाखेत जाऊन सुरू करावा लागतो. दुकानात मशीन विचारतं, रुपयांत पैसे द्यायचे की तिथल्या चलनात. रुपये ओळखीचे वाटतात, पण तिथला रुपयांचा दर बहुधा महाग असतो. तिथलंच चलन निवडा.

युरोपात सार्वजनिक शौचालयासाठी बऱ्याच ठिकाणी अर्धा ते एक युरो मोजावा लागतो, तोही नाण्यांत. साठीच्या पुढच्या माणसाला हे आधी सांगून ठेवा आणि थोडी नाणी वेगळ्या पाकिटात द्या.

बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवरच येतो. त्यामुळे तिथलं सिम किंवा ई-सिम घेतलं तरी जुन्या सिमवर रोमिंग सुरू ठेवा, फक्त त्याचा डेटा बंद करा.

औषधं, विमा आणि पाय

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. बाकी देशांसाठी सक्ती नसली तरी घ्याच. बऱ्याच पॅकेजमध्ये तो असतो, पण पॉलिसीचा कागद मागून वाचा. वयाची मर्यादा किती, आधीपासून असलेल्या आजाराला संरक्षण आहे का आणि पहिली किती रक्कम आपल्याला भरावी लागते, हे त्यात बघायचं. ‘शुगर सांगितली तर हप्ता वाढेल’ म्हणून लपवू नका. लपवलेल्या आजाराचा दावा विमा कंपनी नाकारू शकते आणि परदेशातल्या रुग्णालयाचं बिल युरो-डॉलरमध्ये येतं.

औषधं टूरच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन केलेली बॅग उशिरा आली तर बीपीची गोळी थांबत नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, त्यात ब्रँडसोबत औषधाचं मूळ नावही इंग्रजीत हवं. गोळ्या डबीत सुट्या भरू नका, मूळ पाकिटातच असू द्या. आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधं दुसरीकडे नियंत्रित आहेत. दुखण्यावरचं ट्रामाडॉल आणि खोकल्याच्या औषधातलं कोडीन यांच्यावर अमिरातीत कडक नियम आहेत, तर सर्दीच्या काही गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिनवर जपानमध्ये. केनियाच्या सफारीला जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतताना अडवलं जाऊ शकतं.

टूरवर चालावं लागतं. विमानतळावर, जुन्या शहरांच्या दगडी गल्ल्यांत, म्युझियममध्ये. निघायच्या महिनाभर आधीपासून रोज तासभर चालायची सवय करा, आणि ज्या बुटांनी जायचं त्याच बुटांनी. नवेकोरे बूट पहिल्यांदा पॅरिसमध्ये घातले की तिसऱ्या दिवशी माणूस बसमध्येच बसून राहतो. गुडघे दुखत असतील तर विमानतळावरच्या व्हीलचेअरसाठी किमान ४८ तास आधी कळवा.

बॅगेत मालवणी मसाला भरताय?

आई परदेशी निघाली म्हणजे बॅगेत एक मसाल्याची पुडी, एक आगळाची बाटली आणि खाजं असणारच. यातल्या काही गोष्टी महागात पडू शकतात.

खसखस: घरच्या मालवणी मसाल्यात बऱ्याचदा ती असते. अफूच्या झाडाचं बी असल्याने अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये खसखशीला मनाई आहे. त्या देशांत जाताना घरचा मसाला नेऊच नका. दुबईला फक्त विमान बदलायचं असेल तरीही धोका कशाला?

सुकं खोबरं: खोबऱ्याच्या वाट्यांत तेल भरपूर असतं आणि त्या पेट घेऊ शकतात. म्हणून विमानात त्यांना मनाई असते.

आगळ, लोणचं, तेल: हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. न्यायचंच असेल तर नीट बंद करून चेक-इन बॅगेत.

आंबे आणि मिठाई: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे आणि तूपही नाही. ताज्या फळांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूसची पेटी कस्टम्सवरच राहील. सूट फक्त पाच फळांना आहे: केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. सुक्या मासळीला कायद्याने वाव आहे, पण ४० जणांच्या बंद बसमध्ये सुकट उघडण्याआधी शेजाऱ्यांचा विचार करा.

तंबाखू: चघळण्याच्या तंबाखूवर सिंगापूरमध्ये बंदी आहे, ई-सिगारेटवर सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे.

पॉवर बँक: ती चेक-इन बॅगेत कधीच ठेवायची नाही, फक्त हातातल्या बॅगेत. १०० वॉट-अवरपर्यंतची चालते. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवरची असते, म्हणजे ती बसते.

खाजं, लाडू, चिवडा सहसा अडत नाहीत. पण ऑस्ट्रेलियासारख्या देशात खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करावी लागते. लपवलं तर दंड होतो, सांगितलं तर फार तर वस्तू काढून घेतात.

कट्टा ते विमानतळ

टूर सुरू होते मुंबई विमानतळावर. कट्ट्यापासूनचे जवळपास पाचशे किलोमीटर कंपनीच्या हिशेबात नसतात. चिपीच्या विमानतळावरून परदेशी विमान नाही. मोपा जवळ आहे, पण ग्रुप मुंबईहून निघत असेल तर तुम्हालाही मुंबईलाच जावं लागतं.

कणकवली, सिंधुदुर्गनगरी किंवा कुडाळहून ट्रेन पकडून त्याच रात्री विमान, असा बेत आखू नका. एक दिवस आधी पोहोचा. पावसाळ्यात तर दोन. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि पाठोपाठ खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली, तेव्हा कोकण रेल्वे ठप्प झाली होती. ट्रेन उशिरा आली म्हणून चुकलेल्या विमानाचे पैसे कंपनी देत नाही.

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून आणखी एक प्रश्न वाढलाय. तिकिटावर मुंबई आहे की नवी मुंबई? कोकणातून येणाऱ्याला पनवेल आधी लागतं. पनवेलला उतरायचं की पुढे अंधेरी-सहारकडे जायचं, हे तिकीट वाचूनच ठरवा.

टूर मॅनेजर एवढी घाई का करतो?

ग्रुप टूरवरची सगळ्यात जुनी तक्रार म्हणजे घाई. युरोपात त्यामागे कायदाही आहे. तिथल्या बस ड्रायव्हरला दिवसाला साधारण ९ तासच गाडी चालवता येते, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि दोन दिवसांच्या मध्ये साधारण ११ तास आराम. गाडीतल्या यंत्रावर हे सगळं नोंदलं जातं. सकाळी एका कुटुंबाने अर्धा तास उशीर केला की तो अर्धा तास संध्याकाळच्या एखाद्या ठिकाणातून कापला जातो, आणि भोगतात चाळीस जण.

उपवास, फक्त शाकाहार, मधुमेहाचं जेवण हे बुकिंगच्या फॉर्मवर लिहा. सोमवार पाळणाऱ्या माणसाने बर्लिनमध्ये रविवारी रात्री सांगितलं तर टूर मॅनेजर साबुदाणा कुठून आणणार?

युरोपला जाणाऱ्यांनी सीमेवर जास्त वेळ धरून चालावं. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहरा आणि बोटांच्या ठशांची डिजिटल नोंद सुरू झालीय. काउंटरवर प्रश्न साधेच असतात: कशासाठी आलात, किती दिवस, राहणार कुठे. आईबाबांकडून ही तीन उत्तरं इंग्रजीत घोटून घ्या आणि हॉटेलच्या पत्त्याचा कागद त्यांच्या खिशात ठेवा.

पासपोर्ट हरवला किंवा माणूस चुकला तर

पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. दूतावास तातडीचं प्रमाणपत्र देतो, पण ते भारतात परतण्यापुरतंच असतं. म्हणजे पुढची टूर बहुधा तिथेच संपते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या दोन झेरॉक्स, दोन फोटो आणि मोबाईलमध्ये प्रत असेल तर हे काम खूप लवकर होतं. युरोपीय संघात कुठेही अडचण आली तर आपत्कालीन नंबर ११२.

गर्दीत चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही. जिथे शेवटचं सगळे एकत्र होते तिथेच थांबायचं. टूर मॅनेजरचा आणि हॉटेलचा नंबर कागदावर लिहिलेला हवा, कारण फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

मे महिन्यात जायचं असेल तर

ही सगळी कामं एकदम काढली तर डोंगर वाटतात. महिन्यांत वाटली की सोपी होतात.

दिवाळी: घरात सगळे जमतात तेव्हाच पासपोर्ट बाहेर काढा. मुदत, नाव, अवस्था तपासा. लागल्यास अर्ज करा.

डिसेंबर: दोन-तीन कंपन्यांची लेखी तुलना, रद्द करण्याचे नियम, पॅन कुणाचा ते ठरवून बुकिंग.

जानेवारी-फेब्रुवारी: व्हिसाचे कागद, सातबारा, स्टेटमेंट, ठशांची तारीख. आंगणेवाडीची जत्रा याच सुमारास येते, मुंबईहून आलेल्या मुलांनी बाकीचे कागद तेव्हाच गोळा करून न्यावेत.

मार्च: विमा, डॉक्टरांची चिठ्ठी, चालायला सुरुवात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ती तारीख कॅलेंडरवर लिहा. आंबा-काजूचा हंगाम अंगावर असेल तर बाग कोण बघणार तेही आताच ठरवा.

एप्रिल: फॉरेक्स कार्ड, रोमिंग, बॅगेचं वजन घरच्या काट्यावर.

निघायच्या आठवड्यात: अरायव्हल कार्ड लागत असेल तर ते, आणि सगळ्या कागदांचा एक संच घरी राहणाऱ्या माणसाकडे.

शेवटचं काम मुलांचं. बुकिंग तुम्ही केलंय, ईमेल तुमच्याकडे आलेत, पॉलिसी तुमच्या मोबाईलमध्ये आहे. पण काउंटरवर उभे राहणार आहेत आईबाबा. निघण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्यासोबत बसा, प्रत्येक कागद त्यांच्या हातात द्या आणि तो कुठे दाखवायचा ते सांगा. मग त्यांनाच उलट विचारा. सगळी उत्तरं त्यांच्याकडून आली की देवाला गाऱ्हाणं घालून बॅगेला कुलूप लावायला हरकत नाही.